बॅटरीतले सेल

शाळा सकाळची झाली की भडगावजवळच्या त्या खेड्यात घराघरातलं घड्याळ बदलायचं. सुकदेव आबांकडे त्याच दिवशी आणखी एक काम निघे. भाव वाढेल या आशेवर त्यांच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस कोंबलेला, आणि उन्हाळा तोंडावर. म्हणून दारातली पाण्याची टाकी भरायची आणि बॅटरीचे सेल पाहायचे. त्या खोलीत रॉकेलची चिमणी नेणं म्हणजे आपल्या हातानं घराला चूड लावणं. तिथं फक्त बॅटरी चाले.

"पुष्पा, बॅटरीना सेल देखी लिधात का?" आबांनी सुनेला विचारलं.

"हां आबा."

धडधडीत खोटं! बॅटरी रिकामी होती. सेल पुष्पाबाईनंच काढून ट्रान्झिस्टरमध्ये घातले होते, दुपारच्या गाण्यांसाठी. उद्या परत घालू, असं ती आठवडाभर म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी अंधारातच पोरं उठवावी लागली. धाकट्याचं दप्तर कापसाच्या खोलीत राहिलेलं. सासू ताईबाई ते आणायला गेली. बॅटरी दाबली, पेटेना. नातवाला उशीर होतोय म्हणून तिनं चिमणी उचलली. दप्तर ओढलं तसा कापूस ढासळला आणि थेट चिमणीवर पडला.

पुष्पाबाईनं टाकीतून घागरीवर घागरी ओतल्या. शेजारी धावले. घर वाचलं, बराचसा कापूसही वाचला. पण पेटता कापूस ताईबाईनं दोन्ही हातांनी बाहेर ओढला होता. डॉक्टरांनी कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या आणि बोटं पुन्हा मिटतील याची खात्री नाही म्हणाले.

मग चोर सोडून संन्याशाला सुळी! आबा बायकोवर कडाडले, "कापूसमा चिमणी? अक्कल कोठे गयी व्हती तुनी?" ताईबाई खाली मान घालून म्हणाली, "चुकनू मी." पुष्पाबाई शेजारीच उभी होती, मूग गिळून. सेल तिनं आग विझल्यावर गुपचूप बॅटरीत परत घातले होते. बॅटरी आता लख्ख पेटत होती, आणि म्हातारीला धड बटणही दाबता येत नाही असं गावानं ठरवून टाकलं होतं.

दुपारी शेजारची सुमनबाई विचारपूस करायला आली. पुष्पाबाई सासूला भाकरी कुस्करून भरवत होती. ताईबाई घास गिळून म्हणाली, "मनी सून व्हती म्हनीसन घर वाचनं, सुमन. भगवान इले सुखमा ठेवो." पुढच्या घासाला पुन्हा तेच. पुष्पाबाईला ते ऐकवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सुमनबाई गेल्यावर पुष्पाबाईनं हातातला घास ताटात ठेवला.

"आत्याबाई, सेल मी काढेल व्हतात. रेडिओमा टाकेल व्हतात. आबाले खोटं सांगं मी."

ताईबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग पांढऱ्या पट्ट्यांतल्या आपल्या हातांकडे. पुष्पाबाईनं घास पुढे केला. म्हातारीनं तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळली.

त्या दुपारी तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. पुष्पाबाई ताट घेऊन बसून राहिली. दिवस कलल्यावर भुकेनं म्हातारीचं तोंड उघडलं. दुसऱ्या कुणाच्या हातानं जेवायची तिला सोय नव्हती. पुष्पाबाईनं भरवलेला प्रत्येक घास तिनं मुकाट्यानं खाल्ला, आणि सुनेकडे एकदाही पाहिलं नाही.