पुसलेली फाइल परत कशी मिळवायची

वहिनी आणि तिचा धाकटा दीर एकाच टेबलावर समोरासमोर बसून सर्वांना फुकट वापरता येणाऱ्या, एकमेकांच्या जोडीने चालणाऱ्या दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅमची मदतीची पानं सांभाळत. दोघांचा कटाक्ष एकच होता: एक गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही, जिथे लिहिलेली आहे तिथली लिंक द्यायची. एखादी लिंक मेलेली दिसली की वहिनीचं डोकं उठायचं. रोज सकाळी ती लिंका तपासणारा प्रोग्रॅम चालवी आणि सगळं हिरवं दिसलं की मगच तिच्या घशाखाली चहा उतरे.

एकदा वहिनीकडे एका वापरणाऱ्याची वैतागलेली तक्रार आली. 'पुसलेली फाइल परत कशी मिळवायची' याबद्दल तुमचं पान म्हणतं त्यांच्याकडे बघा, त्यांचं पान म्हणतं तुमच्याकडे बघा. मी नुसता हेलपाटे घालतोय.

"भाऊजी, तो मजकूर तुमच्याकडे आहे ना? म्हणून तर मी माझा काढून टाकला."

"तुमच्याकडे आहे म्हणून मी माझा काढला, वहिनी."

दोघांनी एकमेकांची पानं उघडून पाहिली. दोन्हीकडे नुसती लिंक होती.

"पानाच्या जुन्या आवृत्तीतून तो मजकूर शोधून काढता येईल," दीर म्हणाला.

"मग तुमच्याकडेच ठेवा. मी लिंक देते."

"छे, मान तुमचा. तुम्ही ठेवा, मी लिंक देतो."

जेवणाची वेळ टळली तरी कुणी मागे हटेना. शेवटी वहिनीने तक्रारीला उत्तर लिहिलं, "तपासून पाहिलं. दोन्ही लिंका व्यवस्थित चालू आहेत," आणि तक्रार बंद केली.