बरं चाललंय

विद्यापीठाच्या ज्या विभागाचा केर मालन सहा वर्षं काढत होती, तिथे गरिबीचा अभ्यास चाले. भिंतीवर तक्ते, कपाटांत अहवाल, आणि त्या अहवालांवरची धूळ झटकायला मानखुर्दच्या झोपडीतून येणारी मालन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, पण तो दिसावा कुणाला?

मालनला तिथे वेगळंच दिसायचं. वर्ग झाडताना खिडकीजवळच्या बाकावर ती मनातल्या मनात आपल्या नंदाला बसवायची. पोरगी चांगल्या मार्कांनी बारावी झाली होती. पण ब्याऐंशीच्या संपात नवऱ्याची, दत्तारामची, गिरणी बुडाली ती वर आलीच नाही, आणि नंदा घाटकोपरच्या एका गाळ्यात टिकल्यांची पाकिटं भरायला जाऊ लागली. पोर कॉलेजात जावी, एवढं एकच मालनला हवं होतं. त्या विचारानं कधीकधी तिचे डोळे भरून यायचे आणि झाडू तसाच हातात राहायचा.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात विभागानं मानखुर्दच्या वस्त्यांची पाहणी काढली. एका दुपारी फॉर्म घेऊन दोन विद्यार्थी नेमके मालनच्याच दारात उभे राहिले.

"मावशी, तुम्ही इथे राहता?"

आपल्या विभागाची पोरं घरी आली! मालन धावत शेजारच्या सुगंधाकडे गेली, कपभर दूध मागून आणलं, आलं घालून चहा टाकला. नवरा कानाशी पुटपुटला, "पावण्यांसमोर रडगाणा नको गे." ते सांगायची गरजच नव्हती. कोकणातला माणूस उपाशी राहील, पण दारी आलेल्याला पोट उघडं करून दाखवणार नाही.

"मावशी, काका काय करतात?"

"गिरणीत." 'होते' म्हणायचं राहून गेलं.

"मुलगी?"

"शिकते."

"घरात दूध रोज येतं?"

"रोज. बरं चाललंय आमचं."

पोरांनी चहा पीत पीत सगळं लिहून घेतलं.

जूनमध्ये विभागप्रमुख कुंदाबाईंनी योजना जाहीर केली. पाहणीतल्या सर्वांत गरजू घरांतल्या वीस मुलींची कॉलेजची फी विद्यापीठ भरणार, वर विभागात रोज तीन तासांचं पगारी काम देणार. फलकावर यादी लागली. मालननं ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचली. सुगंधाची माणिक होती. नंदा नव्हती. सुगंधानं खरं ते सांगितलं होतं. मालनला तिचा हेवा वाटला नाही म्हटलं, तर ते आणखी एक खोटं होईल.

तीन दिवस तिनं ते मनातच गिळलं. चौथ्या दिवशी नंदाला कामावर खाडा करायला लावून ती कुंदाबाईंच्या खोलीत शिरली.

"बाई, मी पोरांना खोटं सांगितलं. आमचं काही बरं चाललेलं नाही."

सगळं ऐकून कुंदाबाई उसळल्या. "अगं, सहा वर्षं तू माझ्या डोळ्यांसमोर वावरतेस, एकदा तरी..." आणि मध्येच थांबल्या. त्यांनी स्वतः तरी कधी विचारलं होतं? त्यांचा आवाज उतरला. "बस. खुर्चीवर बस. यादी बंद झालीय, पण एकविसाव्या नावासाठी मी वर भांडेन. मात्र आता खरं बोलायचं."

त्यांनी कोरा फॉर्म ओढला. मालन खुर्चीच्या कडेला टेकली, नंदा मागे उभी राहिली. नवरा घरी बसून आहे. दूध शेजारणीचं होतं. पोर टिकल्या भरते. एकेक उत्तर देताना मालनची मान खाली खाली जात होती.

"घरातली माणसं दिवसातून किती वेळा जेवतात?"

मालन म्हणाली, "ही दोघं दोनदा. मी एकदा."

"आई," नंदा मागून म्हणाली. "तू तर दुपारी इथे जेवतेस म्हणायचीस ना?"

मालननं मागे वळून पाहिलं नाही.

"लिहा, बाई," ती म्हणाली. "एकदाच."