प्रयोगशाळेतली फुली

मी फुली बोलतेय. वहीत चुकलेल्या उत्तरावर बसते ती लाल फुली नव्हे, मी काळी. शाळेचं बांधकाम झालं तेव्हा एक पांढरी टाईल उरली. प्रयोगशाळेतल्या मामांनी तिच्यावर जाड ब्रशने मला काढलं, तो माझा जन्म.

माझं काम म्हणजे दिसेनासं होणं. माझ्यावर काचेचं चंचुपात्र ठेवतात. त्यात थायोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं, द्रावण असतं. वरून आम्ल ओतलं की गंधकाचे बारीक कण तयार होतात, द्रावण दुधासारखं गढूळ होतं आणि वरून बघणाऱ्याला मी दिसत नाही. त्याच क्षणी घड्याळ थांबवायचं. थायो दाट असेल तर कणांची गर्दी जास्त, धक्काबुक्की जास्त, म्हणून मी लवकर गायब. पातळ असेल तर सगळं निवांत चालतं. मला दोन्ही आवडतं.

त्या वर्षी परीक्षेत सगळ्यांची वेळ चाळीस सेकंदांच्या आसपास येत होती. शेवटी 'गोगलगाय' आली. वर्गाने ठेवलेलं नाव. डबा खाताना, वही काढताना, सगळ्यात ती मागे. तिची वेळ आली ऐंशी. सरांनी तिच्या वहीवर माझी लाल बहीण बसवली आणि बटण वेळेवर दाबत जा म्हणाले. वर्ग फिदीफिदी हसला. तिचे डोळे भरून आले. वर्षभर याच एका विषयात तिला गोडी होती आणि आता तिथेही ती नापास होणार होती. मला फार वाईट वाटलं. मी तर सगळं खालून बघत होते, पण टाईलचं कोण ऐकतं?

तिने नाक पुसलं आणि पुन्हा मोजलं. एक्क्याऐंशी. पुन्हा, ऐंशी.

"सर, मी सावकाश आहे," ती म्हणाली, "पण दर वेळी बरोबर दुप्पट सावकाश कशी असेन? बाटलीतलं थायोच निम्मं झालंय."

सरांनी कपाटातली नवी बाटली काढून तिलाच मोजायला लावलं. एकेचाळीस.

दाराशी मामा कान खाजवत उभे होते.

"बाटली निम्मीच उरली होती सर," ते म्हणाले. "शेवटपर्यंत पुरावं म्हणून मीच नळाखाली धरून भरली. घरी आमटी नाही का वाढवत?"

सर आधी चिडले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी वहीवरची फुली खोडली, शेजारी 'बरोबर' लिहिलं आणि वर्गासमोर तिची माफी मागितली. मामांनी त्या बाटलीवर 'निम्मं' अशी चिठ्ठी चिकटवली.

आता माझा एक कोपरा उडालाय, अंगावर डाग आहेत. मामा दर वर्षी मला नवा रंग देतात, त्यामुळे तब्येत ठणठणीत आहे. एवढंच मागते. कुणाची वेळ वेगळी आली, तर आधी बाटलीकडे बघा, मग पोरीकडे.

चला, वर चंचुपात्र आलं, आम्लही पडलं. मी निघते.