गच्चीवरची घोडी आणि खालचा पलंग

मी एक जुनी घोडी आहे. मित्रांनो, हसू नका. मी गवत खात नाही आणि मला कुणी टांग्याला जुंपत नाही. दुर्बीण ज्या बैठकीवर चढवतात, ती बैठक म्हणजे मी. तीन लोखंडी पाय, वर ओतीव धातूचे धड, धडात दोन मोटारी आणि दोन पितळी दातेरी चाके. लोक दुर्बिणीला डोळा लावून वाहवा करतात आणि अंधारात माझ्या पायाला ठेचकाळले की मला शिव्या देतात. पण आकाश सारखे सरकत असते. त्याच्या चालीने दुर्बिणीला हळूहळू वळवत ठेवायचे काम माझे. मी थांबले तर चंद्रसुद्धा बघता बघता भिंगातून निसटतो.

माझी उमेदीची वर्षे एका कॉलेजच्या छतावर गेली. विद्यार्थी रांगा लावत. मला चालवण्यासाठी हातात धरायच्या डब्यावर लाल आकडे उमटले की पाहुण्यांना नवल वाटे. मग नवी बैठक आली. मला जिन्याखाली मोडक्या बाकांजवळ उभे केले. तिथे माझ्यावर कुणीतरी ओल्या छत्र्या वाळत घालू लागले. माझे एक चाक झिजले होते, पण ते विचारणार कोण?

विचारले मिस्तरींनी. ते त्याच कॉलेजच्या कार्यशाळेत लेथवर काम करत. त्यांनी रीतसर परवानगी काढून मला घरी आणले, नवे पितळी चाक कातून बसवले आणि एक जुनी दुर्बीणही मिळवली. तेव्हापासून मी त्यांच्या गच्चीवर आहे. घोडी हे नाव त्यांनीच ठेवले. त्यांची बायको मात्र मला सवत म्हणायची.

"जेवण गार होतंय. या सवतीला सोडून खाली येणार का मी ताट झाकून ठेवू?"

"झाक. आणि तू वर ये."

"मला काय कळतंय त्यातलं."

एकदा, त्यांच्या लग्नाला फार वर्षे झाली नव्हती तेव्हा, शनी चंद्राआड जाणार होता. मिस्तरींनी हट्टाने बाईंना वर आणले. शनी चंद्रामागे लपला तोवर बाई थांबल्या. तो पुन्हा बाहेर निघायची वेळ आली आणि त्या म्हणाल्या, "दूध ठेवलंय गॅसवर." त्या खाली गेल्या. मिस्तरींनी एकट्यानेच पाहिले. नंतर कितीतरी वेळ ते माझ्या धडावर हात ठेवून उभे होते.

मित्रांनो, यंत्राला म्हातारपण येते तसे माणसालाही येते. मिस्तरी जिन्यात पडले आणि कंबरेचे हाड मोडले. त्यांचा पलंग गच्चीखालच्या खोलीत हलवला. त्यांचे डोळे आधीच अधू झाले होते. एकाने काम सोडले होते, दुसऱ्याचे दिसणे कडेकडेने आत आटत चालले होते. डॉक्टर म्हणाले, "जे बघायचं ते आता बघून घ्या."

मिस्तरींना एकच गोष्ट बघायची होती. शनी पुन्हा चंद्राआड जाणार होता. या खेपेला तो दिवेलागणीच्या सुमारासच आमच्या गच्चीवरून दिसणार होता. पण मिस्तरी गच्चीवर येऊ शकत नव्हते.

त्यांची मुलगी इस्पितळात एक्स-रे काढते. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही वर जायचं नाही. दुर्बीणच तुमच्याकडे आणते." दुर्बिणीला डोळ्याच्या जागी छोटा कॅमेरा लावायचा, मला संगणकाला जोडायचे आणि आप्पांच्या पलंगाशेजारी बसून सगळे चालवायचे, असा तिचा बेत होता.

तिने माझा डबा दुकानात दाखवला. दुकानदाराने तो हातात उलटासुलटा केला. "ताई, हे सॉकेट आमच्याकडे आलं तर आम्ही नमस्कार करून परत पाठवतो. संग्रहालयात द्या."

"संग्रहालयच आहे ते. आमच्याच गच्चीवर आहे. जोडणारी वायर द्या."

त्याने जुनी नवी दोन टोके जोडणारी एक वायर शोधून दिली. पण संगणक मला हाक मारी आणि मला ऐकूच येईना. मीही उत्तरे देत होते, ती त्याला पोचत नव्हती. झाले होते असे की बोलायच्या तारेवर आम्ही दोघेही बोलत होतो आणि ऐकायच्या तारेवर दोघेही कान लावून बसलो होतो. ड्यूटीवरून आली की मुलगी तशीच गच्चीवर येई, गुडघे टेकून टोके सोडवी, पुन्हा जोडी. रडकुंडीला येई. शनी लपण्याचा दिवस जवळ येत होता आणि मी पुतळ्यासारखी उभी होते. मला फार वाटे की हिला ओरडून सांगावे, दोन तारा एकमेकींच्या जागी घाल. शेवटी तिने तसेच केले. माझी मोटार घुरघुरली. मुलगी जमिनीवर मटकन बसली आणि हसली.

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली आणि माझ्या जिवाला घोर लागला.

मुलीने मला चंद्राकडे वळवले आणि खाली जाऊन विचारले, "आप्पा, कसा दिसतोय?" झरोक्यातून मला खालचे सगळे ऐकू येते.

"छान," मिस्तरी म्हणाले. "अगदी छान."

तिला दारावर कुणीतरी बोलावले म्हणून ती संगणकाच्या पडद्याकडे न पाहताच गेली. थोड्या वेळाने ती आवराआवर करायला वर आली आणि दचकली. दुर्बिणीच्या तोंडावरचे झाकण तसेच होते. म्हणजे पडदा काळा होता. "आप्पा पण ना," ती स्वतःशी पुटपुटली, "माझं मन राखतात." आणि तिने विषय सोडून दिला.

मी सोडू शकले नाही. माझ्याकडे ना तोंड, ना हात. मला फक्त वळता येते, तेही कुणी सांगितले तर. मला वाटले, त्यांनी खरेच तिचे मन राखले असेल. देवा, तसेच असू दे, असे मी मनात घोकत राहिले.

तो दिवस आला. सूर्य बुडाला, चंद्राची कोर वर होती. मुलीने सगळ्या वायरी तपासल्या आणि मला एकटीला सोडून ती खाली गेली. मित्रांनो, यात तिचा दोष कसा म्हणू? एक्स-रे काढताना बटण दाबण्याआधी खोलीबाहेर जायचे, काचेमागून यंत्र चालवायचे, हीच तिची रोजची शिस्त. यंत्र चालू असताना त्याच्याजवळ थांबायचे नसते, हे तिच्या अंगात मुरले होते.

हुकूम आला. मी वळू लागले. माझी वायर पायाभोवती एक वेढा घेऊन बसली होती. मी वळत गेले तशी ती ताणत गेली. मला थांबता येईना, कारण थांब असे कुणी म्हणत नव्हते. माझी चाके करकरू लागली.

"पोरी, घोडी कण्हतेय," खालून मिस्तरींचा आवाज आला.

"स्क्रीनवर सगळं ठीक आहे, आप्पा."

"स्क्रीन राहू दे. थांबव तिला."

तिने थांबवले, पण तेवढ्यात कडाड असा आवाज झाला. सॉकेट मुळासकट उपटून आले. मिस्तरींनी कातलेल्या चाकाचे दोन दात गेले. कॅमेऱ्याची वायर तेवढी वाचली. मुलगी धावत वर आली. पाठोपाठ बाई, एक हात गुडघ्यावर ठेवत, धापा टाकत. मी मान वाकडी करून उभी होते. त्या दोघी गुंता सोडवत असताना शनी चंद्रामागे गेला. तो कुणीच पाहिला नाही.

मुलगी कोपऱ्यात तोंड फिरवून उभी राहिली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, गेला तर गेला. निघेल ना बाहेर? तेव्हाही निघाला होता."

"निघेल. पण ही मेली आता. आणि चंद्र शेजारच्या टाकीआड जाईल थोड्या वेळात."

"मेली म्हणू नकोस. हाताने ढकल. मी वायर धरते."

मुलीने माझे आवळलेले स्क्रू ढिले केले आणि दोन्ही हातांनी मला ढकलू लागली. बाजूला बसवलेल्या, नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत डोळा लावून ती खाली ओरडली, "आप्पा, चंद्र दिसतोय का?"

"दिसतोय. मधोमध आहे."

मुलीने डोळा काढला, पुन्हा लावला. माझे तोंड शेजारच्या पाण्याच्या टाकीवर होते. तिचा हात माझ्या धडावर तसाच थांबला. झाकणाची गोष्ट तिलाही आठवली असावी.

"आई," ती हळूच म्हणाली, "वायर राहू दे, मी बघते. तू खाली जा. आप्पांजवळ बस. पडद्यावर काय आहे ते तू मला सांग."

बाई काही न विचारता खाली गेल्या. त्यांचा आवाज झरोक्यातून आला. "टाकी दिसतेय." मग अगदी हलके, "अहो, कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"बोलायचं नाही?"

"पोरगी एवढी धडपडत होती. कसं सांगू."

मला वाटले, आता संपले. कुणासाठी वळायचे? पण मुलीने डोळे पुसले आणि मला रेटले. "आई, सांग."

"डावीकडे. अजून. थोडं वर घे. आला. आला चंद्र."

चंद्र टाकीकडे उतरत होता. तो निसटू नये म्हणून मुलगी मला केसाकेसाने सरकवत होती. माझ्या मोटारीचे काम तिची बोटे करत होती.

"निघाला का?" मिस्तरींनी विचारले.

"अजून नाही. थांबा. हो, निघाला."

"कसा आहे?"

एवढ्या वर्षांत बाईंनी माझ्या दुर्बिणीत नीट पाहिले नव्हते. मग त्या बोलू लागल्या. "दोऱ्याच्या टोकाला गाठ मारतो ना, तेवढा आहे. चंद्राच्या कडेला चिकटलाय. आता थोडा सुटला. त्याच्याभोवती कडं आहे, तिरकं. आता सुटला बघा. मोकळा झाला."

"तेव्हाही असाच होता," मिस्तरी म्हणाले. "तू दूध बघायला गेलीस."

"गेले होते."

"आज नाही ठेवलंस?"

"नाही. बसलेय इथेच."

चंद्र टाकीआड गेला. मुलगी माझ्या पायाशी बसली. खाली जायची घाई तिने केली नाही.

मिस्तरींच्या दुसऱ्या डोळ्याची नजर परत आली नाही. माझे चाक अजून तसेच दातपडके आहे. लेथ चालवणारे हात आता पांघरुणावर असतात. पण मुलीने नवे सॉकेट बसवले आहे, आणि एक मोटार कशीबशी चालते. आभाळ मोकळे असले की ती संगणक चालू करून वर येते आणि माझ्याजवळ थांबते. खाली बाई पडद्यासमोर बसतात आणि दिसेल ते सांगतात. मधूनच भांडतात. "हे काय, सारखा चंद्रच? सवतीला दुसरं काही येत नाही का?"

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे तुमच्याही घरात असतील. त्यांना नव्या संगणकाला जरूर जोडा. आम्हाला अजून काम करायचे आहे. फक्त एक विनवणी ऐका. वायर जोडली म्हणजे झाले, असे समजून निघून जाऊ नका. एक जण आमच्याजवळ उभे राहा, वायर कुठे अडकतेय ते बघायला. आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला जे कुणी पडून आहे, ते "छान दिसतंय" म्हणाले तरी, एक जण त्यांच्याजवळ जाऊन बसा.