गुणाबाईचा बियांचा तुंबा

चुलीवरच्या आडव्या बांबूला, धुराने काळ्या पडलेल्या दोरीने टांगलेला मी एक जुना तुंबा, म्हणजे वाळवलेला कडू भोपळा आहे. मित्रांनो, मला बोलण्याची सवय नाही. माझं आयुष्य दुसऱ्याच्या बिया पोटात धरून गप्प बसण्यात गेलं. त्यामुळे सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला पाठ लावून एक मोठा तलाव आहे. त्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं आहेत. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, आणि देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षंच झाली होती. त्या वस्तीत गुणाबाईची बाडी होती. बाडी म्हणजे घरामागची भाजीची जागा. काट्यांचं कुंपण, एका कोपऱ्यात बांबूचा मांडव आणि त्या मांडवावर तुंब्यांचा वेल. त्याच वेलावर मी जन्मलो.

आमचं फळ कडू. ते कोणी खात नाही. पण ढिवराच्या घरी आमच्यावाचून चालत नसे. मधे कंबर बारीक आणि वर-खाली पोट गोल, अशा आमच्या आकाराला दोरी नीट बसते. जाळं टाकायला खोल पाण्यात जाणारा माणूस आम्हांला छातीशी बांधून तरंगतो. गुणाबाईच्या वेलाच्या तुंब्यांची साल इतकी जाड असायची, की दगडावर आपटला तरी तडा जात नसे. गोंडपिपरीकडचे ढीवरसुद्धा तिच्याकडे तुंबे मागायला येत.

लोक विचारायचे, बाई, तुमच्याच वेलाला असं फळ कसं येतं? ती आभाळाकडे बोट दाखवायची.

ती आमची सगळी कामं चंद्राला विचारून करायची. वेलाचं बी उजेडाच्या पंधरवड्यात, म्हणजे चंद्र वाढत असताना लावायचं. तो वाढतो तसं फळ भरतं. पिकलेलं फळ मात्र अंधाराच्या पंधरवड्यात तोडायचं, म्हणजे त्याला घुण लागत नाही. शिवाय चंद्र कोणत्या राशीत आहे तेही ती पाहायची. कर्क म्हणजे तिचा खेकडा, वृश्चिक म्हणजे विंचू आणि मीन म्हणजे मासा. या तीन पाण्याच्या राशी. त्यांतही खेकड्यावर तिचा फार जीव. खेकडा तलावाकाठी राहतो, ओल सोडत नाही, म्हणून आषाढातल्या कोवळ्या चंद्रकोरीला खेकडा लागला, की ती तुंब्याचं बी मातीत घालायची. त्याला लागूनच सिंह रास येते. तिला गुणाबाई वाघ म्हणायची. त्या दिवशी ती बियांना हातही लावत नसे. “वाघाच्या पोटात बी नाई टाकत,” असं म्हणून ती आल्यागेल्याला हसवायची.

हे सगळं ती बोटांवर मोजायची. चार बोटांची बारा पेरं, म्हणजे बारा राशी. उन्हाळा सरताना बाजारात येणाऱ्या जोशीबुवांना ती एकदा विचारून घ्यायची, आज चंद्र कुठे आहे. पुढे पावसाळ्यात नाले भरले, की जोशीबुवा यायचे नाहीत. मग तिच्या उजव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या पेरांवरून पुढे पुढे सरकत राहायचा. चुलीशी बसलेली असो की जाळं विणत असो, अंगठा आपल्या जागेवर. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो म्हणे. तो सव्वाचा हिशेब ती कसा जुळवायची, हे मला इतकी वर्षं वर टांगून राहूनही नीट कळलं नाही.

मला तिने माघातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलं. मानेशी तोंड कापलं, पोटात पाणी भरून गर कुजू दिला, मग बारीक खडे घालून मला खळखळा हलवलं. बिया वेगळ्या काढल्या. मला उन्हात आणि नंतर धुरात वाळवलं. माझी कंबर थोडी वाकडी निघाली, म्हणून मी पाण्यात गेलो नाही. मला बियांसाठी घरात ठेवलं. माझ्याच भावंडांच्या बिया, राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात मिसळून, माझ्या पोटात आल्या. तोंडाला गवताचा बोळा, त्यावर शेणमातीचा लेप. वर्षातून एकदाच, लावणीच्या दिवशी, तो लेप फुटायचा.

गुणाबाई उदार होती. तुंबा मागितला तर नाही म्हणत नसे. पण देण्याआधी त्यातल्या सगळ्या बिया काढून घ्यायची. बी घराबाहेर गेलं, की त्याचा चंद्र फिरतो, अशी तिची समजूत होती. मोजणीही तिने कोणाला शिकवली नव्हती. सून कुंता कधी जवळ येऊन बसली, तर म्हणायची, “मी हाये न पोरी. तुले कायले पाहिजे एवढ्यात?”

कुंता सासूला माय म्हणायची. तिची स्वतःची आई लहानपणीच गेली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला जाळं विणता येत नव्हतं, मासा साफ करता येत नव्हता. गुणाबाईने सगळं हाताला धरून शिकवलं. मोजणी तेवढी राहिली.

मग ते वर्ष आलं. मृग लागून गेला होता. बाडीत आळं करून ठेवलं होतं. एका सकाळी गुणाबाई तलावावरून पाणी घेऊन येताना पाळीवरच कोसळली. तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ती वाचली, जिभेला जडपणा आला तरी बोलू लागली. पण उजवा हात गेला. त्या हाताला चटका बसला तरी तिला कळत नसे.

आषाढ लागला. आभाळ असं भरून आलं की चंद्राचं नखही दिसेना. गुणाबाईने मला खाली काढायला लावलं. कुंताने लेप फोडला, बिया तळहातावर घेतल्या आणि सासूपुढे बसली. गुणाबाई म्हणाली, “माहा अंगठा धर.”

कुंताने तिचा तो थंड अंगठा धरला आणि एकेका पेरावर ठेवत गेली. म्हातारी डोळे मिटून मोजत होती. पण त्या बोटांत काही उरलं नव्हतं. आपण कोणत्या पेरावर आहोत, हे तिला समजतच नव्हतं. ती मधेच थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. शेवटी म्हणाली, “आज वाघ हाये. ठेव. उद्या पाहू.”

कुंताने बिया परत माझ्या पोटात घातल्या.

दुसऱ्या दिवशीही वाघच निघाला. तिसऱ्या दिवशीही. चंद्र इतके दिवस एका राशीत बसून राहत नाही, एवढं कुंतालाही ठाऊक होतं. पण रोज सकाळी म्हातारी तोंड धुऊन, केस सारखे करून बसायची आणि अंगठा पुढे करायची. दिवसभरात तिचं तेवढंच काम उरलं होतं. रोज माझं तोंड उघडायचं, बिया बाहेर यायच्या, कुंताच्या ओल्या हातावर थांबायच्या आणि परत आत जायच्या. बाहेर पावसाची झड लागलेली. दमट हवा त्यांच्याबरोबर आत यायची. लेप लावायला कोणाला सुचलं नाही, कारण उद्या पुन्हा उघडायचंच होतं.

शेजारची गोकुळा कुंपणापाशी येऊन कुंताला चिडवायची, की तुमच्या घरचा चंद्र झोपला आहे का, माझे दोडके मांडवावर चढले. ती मनाने वाईट नव्हती. पण कुंता तिच्याकडे न पाहता आत यायची.

एकदा गुणाबाईचा मुलगा डोमा जाळ्याच्या गाठी मारता मारता बायकोला हळूच म्हणाला, “अवो, दोन बिया टाक न मातीत. मायले कोन सांगते?”

“वेल उगवला का तो दिसन नाई?”

“तं म्हनू, आपोआप आला.”

“माय रोज माह्या हातात तिचा हात देते,” कुंता म्हणाली. “तो हात मेला, हे मी तिले सांगू?”

डोमाने पुढची गाठ मारली. त्याचा स्वतःचा तरंगायचा तुंबा जुना झाला होता, कंबरेशी झिजला होता. या वर्षी नवा लागणार होता. तरी त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

मी वर टांगलेला, हे सगळं पाहत होतो. कुंताचं चुकत होतं का? मला अजूनही सांगता येत नाही. तिच्या एका हातात बी होतं आणि दुसऱ्या हातात म्हातारीची लाज होती. तिने दुसरा हात घट्ट धरला.

आषाढ गेला. श्रावणही निम्मा गेला. एका संध्याकाळी झड थांबली. गुणाबाई म्हणाली, मले बाहेर घेऊन चाल. कुंताने तिला उचलून अंगणातल्या बाजेवर बसवलं. डोमाने मला धूर द्यायला म्हणून बाहेर शेगडीपाशी टांगलं होतं, म्हणून मला ते दिसलं. तलावापलीकडच्या जंगलातून चंद्र वर आला. भला मोठा, वाटोळा.

गुणाबाई पाहत राहिली. तिच्या हिशेबात ती कोवळी कोर होती, खेकड्याच्या वाटेवरची. पुष्कळ वेळाने तिने विचारलं, “हे कोनती पुनव हाये?”

कुंता शेगडीतली राख सारखी करू लागली.

“सांग न वो.”

“राखीची, माय.”

म्हातारीने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. एकेक बोट उघडून पाहिलं, जशी ती भाजीतली कीड पाहायची. मग म्हणाली, “तुले मालूम होतं.”

कुंता रडू लागली. गुणाबाईने तिला रागावलं नाही. ती म्हणाली की आता बी लावण्यात अर्थ नाही, थंडीपर्यंत फळाची साल घट्ट होत नाही. मग थोडं सरकून तिने कुंताचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“आता माह्या बोटावर नोको मोजू. तुह्या बोटावर मोज.”

त्या दिवसापासून तिने सुनेला शिकवायला सुरुवात केली. कोणत्या पेरावर खेकडा, कोणत्या पेरावर विंचू, दोन दिवसांवरचा पाव दिवस कुठे धरायचा. कुंताच्या अंगठ्याला सवय लागली. ती शेणी थापतानाही पेरं मोजू लागली. गुणाबाई समाधानाने ऐकायची, चुकलं तर जिभेने टक् आवाज करायची. दिवाळीच्या आधी, अंधाराच्या पंधरवड्यात, ती गेली.

त्या वर्षी मांडव रिकामा राहिला.

पुढच्या आषाढात कुंताने मोजणीत एकही चूक केली नाही. कोवळी कोर ढगाआडून क्षणभर दिसली, आणि तिचा अंगठा खेकड्याच्या पेरावर होता. तिने अंघोळ केली, आळं भिजवलं, मला खाली काढलं. लेप फोडला. मला जे ठाऊक होतं ते तिला तेव्हा कळलं. मागच्या पावसाळ्यात रोजच्या उघडझापीने ओल आत शिरली होती, आणि नंतर लावलेल्या लेपाने ती आत कोंडून टाकली होती. माझ्या पोटातून बियांऐवजी काळी, बुरशीची ढेकळं निघाली. ती ढेकळं फोडून तिने त्यातल्या त्यात धड दिसणाऱ्या बिया वेचल्या आणि लावल्या. रोज त्यांना पाणी घातलं. पाऊस पडत होता तरी घातलं. आळ्यात गवत उगवलं, तेही ती उपटेना, न जाणो त्यात वेलाचं पान असेल म्हणून.

काही उगवलं नाही.

मग तिने गावोगाव विचारलं. जिथे जिथे गुणाबाईचे तुंबे गेले होते, तिथे गेली. सगळ्यांकडे तुंबे होते. बी कोणाकडेच नव्हतं. गोकुळा तिच्याबरोबर पार गोंडपिपरीपर्यंत पायी गेली. परतताना ती म्हणाली, “बाईनं एक मूठ मले देली असती, तं आज तुले दोन मुठी देल्या असत्या वो.” चिडवणं कधीच संपलं होतं.

बाजारातून आणलेल्या बियांचे तुंबे आले, पण त्यांची साल पातळ. पहिल्याच हंगामात तडकले. डोमा आता छातीशी पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून पाण्यात उतरतो. उतरताना ते त्याला टोचतं.

कुंताने मला फेकलं नाही. मला धुऊन, कडक उन्हात ठेवून, पुन्हा राखेने घासलं. आज माझ्या पोटात वालाच्या आणि काकडीच्या बिया आहेत. खेकड्याचा दिवस आला की ती लावते. लावणीआधी कुंपणापाशी उभी राहून हाका मारते, आणि जी येईल तिला मूठभर बी देते. शिकायला बसेल तिला पेरंही मोजून दाखवते. पण माझ्या जातीचा वेल आता कोणाच्याच मांडवावर नाही. वाऱ्याने मी हलतो, तेव्हा आत वाल वाजतात. तो आवाज मला अजून परका वाटतो.

मित्रांनो, मी शहाणा नाही. चंद्र खरंच फळ भरतो की नाही, हे मला माहीत नाही. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस बी जपत असेल, तर ते त्याच्याकडून आजच मागून घ्या, आणि त्यातलं अर्धं शेजारी देऊन टाका. त्याच्या बोटांत जे काही मोजमाप असेल, ते बोटं जिवंत आहेत तोवर आपल्या बोटांत उतरवून घ्या. आणि कधी दिवस साधला नाही, कोणाचा हिशेब चुकला, तरी बी मातीत टाकायला घाबरू नका. चुकलेल्या दिवशी पडलेलं बी कदाचित उगवेल. माझ्या पोटात मात्र आजवर एकही बी उगवलेलं नाही.