बाजूनं वाकलेली काडी

“चष्मा पडला तर काच फुटते, नाहीतर चरा पडतो. काडी अशी आत वळत नाही. जरा तुझ्या शेजारणीकडे लक्ष दे,” चष्म्यांच्या दुकानातल्या मावशी म्हणाल्या होत्या, आणि चिमणीच्या आईनं ते हसण्यावारी नेलं होतं.

“मावशी, तुम्ही चष्मे दुरुस्त करता की हेरगिरी?”

तिनं दोन चष्मे आणले होते. एक स्वतःचा, दुसरा समोरच्या दारातल्या वहिनींचा. वहिनी रोज दुपारी दोन तास चिमणीला सांभाळायच्या आणि चष्मा मोडला की म्हणायच्या, “तुझ्या कन्येचा प्रताप.” आठ महिन्यांची चिमणी चष्मे ओढण्यात पटाईत होतीच. आई बिचारी ओशाळून दोन्ही चष्मे घेऊन दुकान गाठायची.

मावशींनी दोन्ही शेजारी ठेवले. “हा तुझा. बाळ स्वतःकडे ओढतं, म्हणून दोन्ही काड्या फाकल्यात. आता हा बघ. डावी काडी आत, नाकावरची चकती चेपलेली. हे बाजूनं आलंय.”

चिमणीची आई तशी डोळ्यांत तेल घालून जगणारी. बाळ झोपलं तरी श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरणारी. पण समोरचे भाऊजी म्हणजे जिन्यात कुणाचीही पिशवी उचलणारा, हसतमुख माणूस. त्यांच्याबद्दल तिच्या मनात पालही चुकचुकली नाही. उलट त्याच संध्याकाळी जिन्यात त्या दोघांसमोर तिनं हा किस्सा रंगवून सांगितला. “मावशी म्हणतात, हे काम चिमणीचं नाहीच.” भाऊजी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

त्यानंतर वहिनींचा चष्मा दुकानात गेलाच नाही. काडीला चिकटपट्टी आली. “यांनीच लावून दिली,” वहिनी म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात चिमणी आईबरोबर पाच दिवस आजोळी गेली. परतल्यावर सामान जिन्यातच ठेवून आईनं वहिनींचं दार वाजवलं. वहिनींची भुवई सुजलेली, चष्म्याची डावी बाजू दोऱ्यानं बांधलेली. आईची नजर तिकडे गेली तशा वहिनी सवयीनं बोलून गेल्या, “तुझ्या कन्येचा प्रताप.”

कन्या आत्ता कुठे कडेवरून उतरू पाहत होती. ते लक्षात येताच वहिनींनी मान खाली घातली. आतून भाऊजी खोकले आणि वहिनींनी दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी ती मावशींसमोर रडली. “मीच त्यांना सांगितलं, मावशी. हसत हसत सांगितलं.”

“रडून झालं की ऐक. तिला जाब विचारू नकोस, त्याला तर मुळीच नको. डोळे तपासायला आण.”

भाऊजी सोबत आलेच. “आमच्या हिला माझ्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.”

“तपासणीच्या खोलीत एकच माणूस,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही आत आलात तर तुमचाही नंबर काढीन, आणि या वयात तो निघतोच.”

भाऊजी बाहेर बसले. चिमणीच्या आईनं आरशासमोर एकामागून एक फ्रेम चढवायला सुरुवात केली. “भाऊजी, ही बरी की मघाची?” बावीस फ्रेमा झाल्या. भाऊजींच्या जांभया झाल्या. आत जवळचं वाचायचं कार्ड वहिनींच्या हातात होतं. मावशी ते प्रत्येक बाईला देत. चिमणीच्या आईनंही ते कधीतरी वाचून, ‘काहीतरीच’ म्हणून परत केलं होतं. शेवटची, सगळ्यांत बारीक ओळ अशी होती: ‘घरी कोणी मारत असेल, तर बोलू नका. या ओळीवर बोट ठेवा.’

वहिनींनी बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

नव्या चष्म्याच्या डबीत, मखमलीच्या अस्तराखाली, मदत केंद्राचा नंबर होता. नंतर वहिनी सांगायच्या, “यांनी दोनदा पर्स उलटी केली. डबी उघडून बघितली, आत चष्माच. ठेवून दिली.” सतरा दिवस ती बाई त्या घरात राहिली, स्वयंपाक केला, शिव्या खाल्ल्या, आणि चिमणीच्या आईच्या फोनवरून केंद्राशी बोलून एकेक कागद गोळा केला. कधी निघायचं ते तिचं तिनं ठरवलं. अठराव्या दुपारी दोघी चिमणीला फिरवायला निघाल्या. बाबागाडीत गादीखाली कागदपत्रं होती, आणि कोपऱ्यावर केंद्रातल्या बाईंची गाडी.

आता वहिनी दुसऱ्या गावी बहिणीकडे राहतात. चष्मा वर्षभर शाबूत आहे. चिमणीची आई मात्र अजून जिन्यात थबकते. समोरच्या दारामागचं मावशींना एका काडीवरून कळलं, आणि तिला पाच पावलांवरून दिसलं नव्हतं.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचताना ज्या कुणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल, तिच्याकडे आज जाऊन या. वाटीभर साखर मागायला जा हवं तर. ती एकटी असेल तेव्हा हळूच विचारा, आणि ती गप्प राहिली तर पुन्हा जा. फक्त चारचौघांत विचारू नका. ती चूक एकीनं करून झाली आहे.