दॉन सालिमची दाढी

सोमवारी मेरिदाला माझ्या मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर सहा आठवडे त्याला वस्तरा हातात धरायचा नव्हता. तेवढे दिवस त्याचं न्हाव्याचं दुकान बंद ठेवायचं की माझ्यावर सोडायचं, हे शनिवारी सकाळी ठरणार होतं. ठरवणारा मामा नव्हता. दॉन सालिम होते.

आमच्या अख्ख्या मोतुल गावात सगळ्यांत राठ दाढी त्यांची. त्यांचे वडील लेबननहून आले, इथे कापडाचं दुकान टाकलं आणि जाताना मुलाला दुकान आणि दाढी दोन्ही देऊन गेले. आम्हा माया वंशाच्या लोकांच्या हनुवटीवर मोजून चार केस, त्यामुळे दुकानासमोरच्या बागेतल्या बाकांवर बसणारी म्हातारी मंडळी न्हाव्याची परीक्षा करायची ती दॉन सालिमच्या गालावर. ते माझ्या हातून दाढी करून खुशीत बाहेर पडले, तर बाकीचे येणार. नाहीतर बाजारासमोर मशीनवाला न्हावी होताच.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. नोकरी मिळेपर्यंत म्हणून मामाच्या दुकानात आले आणि रमले. तीन आठवड्यांत वस्तऱ्यावर हात बसला होता. पण फेस मात्र दरवेळी मामा करून द्यायचा.

"नेरेयदा, आज फेसही तूच कर," मामा म्हणाला आणि काळा चष्मा लावून भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसला.

दॉन सालिम खुर्चीत टेकले. "अकराला चर्चमध्ये पोचायचंय. पुतणीच्या बाळाचा बाप्तिस्मा, आणि धर्मपिता मी. मला बघून पोर रडायला नको."

"ते रडणारच," मामा म्हणाला. "त्यात दाढीचा काय दोष?"

साबण बाजारातला स्वस्त, पिवळट, चरबीचा. ब्रश डुकराच्या राठ केसांचा. मी नळाच्या पाण्यात ब्रश बुडवला आणि साबणावर फिरवू लागले. फेस आला, पण कसला! मोठे मोठे बुडबुडे, पंख्याच्या वाऱ्याने फुटणारे, आणि वाटीच्या कडेला करडी साय. अजून साबण घेतला. साय वाढली.

कारण मला लगेच कळलं. आमच्या गावाखाली सगळा चुनखडीचा दगड. पाण्यात चुना असला की साबण आधी त्याच्याशी भांडतो आणि त्यातून उरला तर फेसाला येतो. मग चुना घालवायचा कसा? आंबट घालून, झालं! घरी किटलीच्या आतला पांढरा थर आई तसाच काढते. मागच्या अंगणात आंबट संत्र्याचं झाड होतंच. एक फळ तोडलं आणि अर्धं वाटीत पिळलं.

नासलेल्या दुधासारखा साबण फाटला. पांढऱ्या गुठळ्या वर आणि गढूळ पाणी खाली.

दॉन सालिमनी वास घेतला. मान वळवून वाटीत डोकावले. "एलेउतेरियो, ही तुझी भाची माझी दाढी करतेय की मला मसाला लावतेय? संत्रं तर झालं. आता लाल मसाला चोळा, केळीच्या पानात गुंडाळा आणि भाजायला खड्ड्यात पुरा!"

"तुम्ही शिजायला दोन दिवस लागतील," मामा म्हणाला. पण हसला नाही.

माझे कान तापले. आंबटाने साबणच फुटतो. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत मी स्वतः फोडला होता. किटलीत साबण नसतो, एवढं साधं मी विसरले होते. दॉन सालिम गळ्यातला टॉवेल सोडू लागले.

"पातेल्यातलं पाणी का नाही घेतलंस?" मामाने विचारलं.

"कुठल्या?"

"रोज सकाळी उकळून ठेवतो ते."

"ते मी ओतून दिलं, मामा. तळाला पांढरा गाळ होता. पातेलं घासूनही ठेवलं."

"तीस वर्षं त्याच पाण्यात दाढ्या करतोय मी," मामा म्हणाला. "थकलेलं पाणीच फेसाला लागतं. का, ते मला विचारू नकोस."

मला विचारायची गरज नव्हती. तो पांढरा गाळ म्हणजेच चुना. उकळलं की आमच्या पाण्यातला बराचसा चुना तळाला बसतो. मी घाण म्हणून घासून काढलं होतं ते मामाचं तीस वर्षांचं काम.

"दॉन सालिम, वीस मिनिटं द्या."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा. "पंधरा. आणि कॉफी."

कॉफी दिली. पातेलं गॅसवर चढवलं, पाणी खळखळ उकळू दिलं, मग पंख्याखाली आणून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्यावर गरम टॉवेल दाबला, म्हणजे बोलणं तरी बंद. गाळ खाली बसल्यावर वरचं नितळ पाणी हळूच दुसऱ्या वाटीत घेतलं आणि ब्रश त्यात भिजत घातला. राठ केस मऊ झाल्यावर पाणी झटकलं. ओलसर ब्रश साबणावर साठ वेळा फिरवला, घाई न करता. आधी चिकट लगदा झाला. त्यात बोटांनी चार थेंब घालायचे, घोटायचं, पुन्हा चार थेंब. बुडबुडे बारीक होत होत दिसेनासे झाले. ब्रश उचलला तेव्हा त्यावर घट्ट, चकचकीत साय उभी होती. मी वाटी उलटी धरली. काही पडलं नाही.

"दाखव," मामा म्हणाला. चष्मा वर करून वाटी नाकाशी नेली. मग ती परत माझ्या हातात दिली.

गालांवर फेस दाट बसला. पंख्याच्या वाऱ्यातही सुकला नाही. वस्तरा त्या राठ दाढीवरून असा गेला की मलाच आवाज ऐकत राहावंसं वाटलं. हनुवटीखाली दुसऱ्यांदा फेस लावला, तिथेही कुठे ओरखडा नाही.

दॉन सालिमनी गालावरून उलटा हात फिरवला. मग दुसऱ्या गालावरून. पुन्हा पहिल्या.

"एलेउतेरियो," ते उठत म्हणाले, "डॉक्टरला सांग, तुझ्या डोळ्याची मुळीच घाई नको."

"बघितलंस?" मामा मला म्हणाला. "अजून गेलोही नाही, तर हे मला विसरले!"

पण तो हसत होता.

दारातून मी पाहत राहिले. चर्चची घंटा वाजत होती, तरी दॉन सालिम बागेतल्या पहिल्या बाकाशी थांबले आणि गाल पुढे केला. बाकावरच्या तिघांनी वाकून पाहिला, एकाने बोटही लावलं. मग त्यातला एक उठला आणि स्वतःची हनुवटी चाचपत रस्ता ओलांडू लागला.

मी ब्रश पुन्हा पाण्यात घातला.